आबांचा याशिका : फ्लॅश पडतो पण फोटो कोरेच, काऊन?

आर्णीचं_पोट्टं
राजेहो नमस्कार. प्रश्न जरा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

आमचे आबा शाळामास्तर होते अन् उन्हाळ्यात पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो काढायचे. ते गेल्यावर कॅमेरा संदुकीत पडून होता. मागच्या महिन्यात कवेलू फेरायला माणसं आली म्हणून माडीवरचं सामान खाली काढलं, तर निघाला याशिका मॅट १२४ जी, दोन डोळ्यांचा, वरून खाली वाकून पाहायचा. सोबत चार पेन्सिल सेलचा फ्लॅश अन् त्याची गुंडाळलेली वायर. आबांनी सेल काढून ठेवले होते, आतले पत्रे चकचकीत. कॅमेऱ्याचं मीटर मेलेलं, पण उजेड मी मोबाईलवर मोजतो.

एचपी५ चा १२० रोल मागवला, काळापांढरा. बारा फोटो. पहिले चार शेतात, उन्हात, बिनफ्लॅशचे. बाकी आठ चुलतभावाच्या साक्षगंधात, रात्री, फ्लॅश लावून, शटर १/१२५ सेकंद अन् एफ (भिंगाचं भोक, आकडा लहान तितकं मोठं) ५.६. प्रत्येक वेळी फ्लॅश पडला, मी डोळ्यांनी पाहिला, पाहुण्यांच्याही डोळ्यापुढे काजवे चमकले. मोठे काका म्हणे पोट्ट्यानं आबाचं नाव राखलं.

रोल घरीच धुतला. शेतातले चार झकास आले. साक्षगंधाच्या आठ निगेटिव्ह म्हणजे कोरी काच, कशाचा पत्ता नाही. होणारी वहिनी दर दोन दिवसांनी फोटो मागते अन् मी सांगतो धुवायला टाकले आहेत.

काय चुकलं? पोळा तीन आठवड्यांवर आहे. आजीचा बैल ओवाळतानाचा फोटो याच कॅमेऱ्यानं काढायचा आहे.

तर्रीपोहा
पहिले वहिनीले खरं सांग. बाकीचं मागून पाहू.

अर्धाफ्रेम
मला कळलं काय झालं ते, माझ्यासोबत हेच झालं होतं. शटर फास्ट ठेवलंस. फ्लॅश असला की १/६० च्या वर जायचंच नाही. माझा पेंटॅक्स के१००० आहे, त्याच्यावर मी बहिणीच्या हळदीत १/२५० ठेवून अख्खा रोल मारला आणि प्रत्येक फोटोत डावीकडे माणसं अन् उजवीकडे अमावस्या. त्यावरूनच हा आयडी घेतला. १/६० लाव, काम होईल.

मुठाकाठ
फ्लॅशची ट्यूब क्षीण झाली असेल. जुन्या वस्तूंचं असंच असतं. आणि शीर्षकातला 'काऊन' म्हणजे काय?

तर्रीपोहा
काऊन म्हणजे 'का म्हणून'. तुमच्याकडं काऊन नसते, तुमच्याकडं डायरेक्ट 'चूक तुमचीच आहे' असते.

प्रकाशवर्ष
अर्धाफ्रेम, तुमचं निदान तुमच्या कॅमेऱ्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे, पण या कॅमेऱ्याला लागू नाही.

के१००० मध्ये फिल्मच्या अगदी पुढे दोन कापडी पडदे असतात. पहिला सरकतो, फिल्म उघडी पडते, मागून दुसरा येऊन झाकतो. १/६० पर्यंत एक क्षण असा येतो की अख्खी चौकट उघडी असते, फ्लॅश त्या क्षणी पडतो. त्याहून वेग वाढवला की पहिला पडदा पोचायच्या आधीच दुसरा निघतो, मधे नुसती फट राहते आणि ती फट चौकटीवरून धावत जाते. फ्लॅश पडला तेव्हा फट जिथे होती तेवढाच भाग उजळतो. म्हणून तुमची अमावस्या.

याशिकाचं शटर भिंगातच बसवलेलं आहे, फुलाच्या पाकळ्यांसारखं मधून उघडतं आणि मिटतं. ते उघडलं की अख्ख्या चौकटीला उजेड मिळतो. त्यामुळे १/५०० लाही फ्लॅश चालतो. आणि मुख्य म्हणजे वेग चुकला असता तर अर्धा फोटो आला असता. इथे आठही कोरे आहेत. म्हणजे फ्लॅश पडला तेव्हा शटर पूर्ण बंदच होतं.

अर्धाफ्रेम
ताई, चार वर्षं मी हे लोकांना सांगून रायलो होतो, तुम्ही एका पोस्टमध्ये दुकान बंद केलं :)

जुना_स्टुडिओ
बाबू, खालच्या लेन्सच्या बाजूले एक बारीक खटका हाये. त्याच्यावर एम अन् एक्स लिवलं हाये. खटका कुठं हाये?

आर्णीचं_पोट्टं
थांबा काका, पायतो.

आर्णीचं_पोट्टं
एम वर.

मले वाटलं एम म्हणजे मॅन्युअल.

तर्रीपोहा
मले वाटलं असतं एम म्हणजे मॅरेज. साक्षगंध होतं म्हणून चाललं नसन.

जुना_स्टुडिओ
हासू नका रे पोराले. एम पाई भल्याभल्यायचे रोल गेले.

वणीकडं माझा स्टुडिओ होता, १९७९ ला टाकला, आता पोरगा तिथं झेरॉक्स अन् आधारचं काम करते. ज्यायच्याजवळ मी शिकलो त्यायच्याकडं बल्बचा जमाना होता. छत्रीसारखी चांदीची वाटी, मधात काचेचा बल्ब, लसणाच्या कुडीएवढा. एक फोटो, एक बल्ब. मारला का जळला. फेकून द्या, दुसरा लावा. बल्ब लावायच्या आधी गुरुजी त्याचं बूड जिभेले लावत, ओलं झालं का करंट बरोबर लागते म्हणत. मी त्यायचं पाहून गरम बल्ब उघड्या हातानं काढाले गेलो, अंगठ्यावर हा एवढा फोड. दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या बापानं इचारलं काय झालं त मी म्हटलं भाकर टाकताना पोळलं.

थो बल्ब बटन दाबल्याबरोबर पेटत नाई. आधी धगधगते, मंग भर येते. म्हणून एम वर कॅमेरा आधी बल्बले इशारा देते, जरासा थांबते, अन् मंग शटर उघडते. आता तू तिथं सेलचा फ्लॅश लावला. थो इशारा भेटल्याबरोबर पडून मोकळा. शटर उघडलं तवा सारा अंधार. वरात पुढं निघून गेली अन् मागून दार उघडलं, असं झालं तुझं.

एक्स वर ठेव. काई खराब नाई झालं.

प्रकाशवर्ष
काकांच्या वरातीला आकडे जोडते, राहवत नाही, रोज हेच शिकवते. एम जातीच्या बल्बला भर यायला साधारण २० मिलीसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. सेलवरच्या फ्लॅशचा सगळा उजेड हजाराव्या भागात, कधी त्याहूनही लवकर संपतो. त्यामुळे एम वर वेग कितीही कमी केला असता तरी फोटो कोराच आला असता, १/३० ठेव की १ सेकंद ठेव.

खात्री करायला फिल्म लागत नाही. मागचं झाकण उघड, क्रँक फिरवून शटर भर, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे कर आणि मागून भिंगातून पाहत बटन दाब. एक्स वर असेल तर भिंगात पांढरा गोल चमकताना दिसेल. एम वर नुसती भिंत बाजूने उजळेल आणि भिंग काळं.

आर्णीचं_पोट्टं
आत्ताच करून पाहिलं. एक्स वर टपोरा पांढरा गोल दिसला, चंद्र उगवल्यावानी. एम वर काळं भोक. दहा वेळा केलं, आजी आतून ओरडली विजा कायले चमकून रायल्या, वाळवण उचलू का म्हणून.

खटका पुसता पुसता मीच सरकवला असणार. आबांच्या हातून असं होणं शक्य नाही.

सांजवेळ
माझं मत विचारलंत (विचारलं नाहीत, तरी). खटका कशावरही असो, फ्लॅश लावूच नका. फ्लॅशनं चेहरा सपाट होतो, कपाळ तेलकट, मागच्या भिंतीवर भुतासारखी सावली. पोळ्याच्या संध्याकाळचा तो केशरी उजेड आणि निरांजन, ते मारून टाकायचं आणि वर म्हणायचं फोटो काढला. हात स्थिर ठेवा, १/३० ला काढा, जे येईल ते खरं.

तर्रीपोहा
एचपी५ वर केशरी उजेड दिसाले लागला त मलेही सांगजा.

सांजवेळ
भावार्थ घ्या हो.

जुना_स्टुडिओ
ताई का दादा जे असान ते, तुमचं खरं हाये, पण ज्याले लग्नाचे छत्तीस फोटो द्यायचे हायेत त्यानं 'जे येईल ते खरं' म्हटलं का रात्री जेवाले भेटत नाई. होमाई व्यारावालाबाईंनी दिल्लीत मोठमोठ्या लोकायचे फोटो काढले, पद्मविभूषण भेटलं त्यायले २०११ ले, त्यायनंबी फ्लॅशबल्ब वापरले. फ्लॅश वाईट नसते. नाकासमोरून मारलेला फ्लॅश वाईट असते.

पोरा, ध्यानात घे. फ्लॅश कॅमेऱ्याच्या पट्टीवर लावू नको. वायर लांब असन त डाव्या हातात धर, हात वर अन् बाजूले, डोक्याच्या वर वीतभर. सावली खाली मानेमागं पडते, भिंतीवर जात नाई. आम्ही त पोट्टं ठेवत होतो फ्लॅश धराले, त्याले 'लाईटवाला' म्हणत. काईजण त्यातच फोटोग्राफर झाले.

झाडीचा_गडी
वडसा लाईनचा हाव मी. आमच्याकडे दिवाळी झाली का झाडीपट्टीची नाटकं सुरू होतेत, रातभर. मी पयल्या साली हौसेनं फ्लॅश लावून गेलो. दुसऱ्या अंकात नायिका मरून रायली, हजार माणूस चिडीचूप, अन् मी फ्लॅश मारला. मेलेल्या नायिकेनं डोळे मिचकावले. लोक हासले ते हासले, पेटीवाला मास्तर माझ्याकडे असा पायला का मी रोल अर्धा ठेवून चहाच्या दुकानात जाऊन बसलो.

तवापासून नाटकात फ्लॅश बंद. एचपी५ च १६०० ची, म्हंजे हाये त्याहून जास्त संवेदनशील, समजून मारतो अन् धुताना जास्त वेळ ठेवतो. दाणेदार येते पण रंगमंचाचा उजेड जसाच्या तसा रायते. म्हणून सांजवेळवाल्यायचं मले अर्धं पटते गा. जिथं उजेड कोणी मन लावून केला हाये तिथं आपला घुसवू नये. पोळ्याले मात्र कोण उजेड करून ठेवते, खांबावरचा एक बल्ब.

मुठाकाठ
हे छान सांगितलंत. बरं, हा जुना फ्लॅश मी माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावला तर चालेल का?

लाईनमन_रिटायर
आता माझ्या खात्याचा विषय आला.

डायरेक्ट लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या त्या दोन टोकांवर २०० ते २५० व्होल्ट असतात. याशिकासारख्या कॅमेऱ्यात आत नुसता पत्र्याचा संपर्क असतो, त्याला फरक पडत नाही. डिजिटलच्या आत नाजूक सर्किट असतं, ते जाईल. आधी मोजा. फ्लॅशमध्ये सेल घाला, लाल दिवा लागू द्या, मल्टीमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवा, एक कांडी वायरच्या तोंडातल्या मधल्या पिनला आणि दुसरी बाहेरच्या कड्याला. दहाच्या आत आकडा आला तर निश्चिंत. दोनशे आला तर जुन्या कॅमेऱ्याचं लग्न जुन्या फ्लॅशशीच लावा.

दुसरं, पोरानं फ्लॅश वीसेक वर्षांनी चालू केला आणि लगेच आठ वेळा मारला, नशीब चांगलं. आत वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो ताकद विसरतो. नवीन सेल घालून चालू करायचा, लाल दिवा लागला की न मारता तसाच थोडा वेळ ठेवायचा, मग मारायचा, परत ठेवायचा. असं चारपाचदा केलं की तो वळणावर येतो. मिनिट होऊनही दिवा लागला नाही आणि फ्लॅश गरम लागला तर सेल काढा, नाद सोडा.

आणि हात जोडून सांगतो, पेचकस घेऊन उघडू नका. सेल काढल्यावरही आत ३०० व्होल्ट बसलेले असतात. मी बत्तीस वर्षं खांबावर चढलो, डीपीनं मला कधी धरलं नाही. मुलाच्या कॅमेऱ्याचा एवढासा फ्लॅश उघडला आणि हात असा झटकला की समोरच्या कपाटाची काच फुटली. बायको अजून म्हणते, खांबावरचा माणूस खेळण्यानं पाडला.

तर्रीपोहा
ताकद विसरलेल्या कपॅसिटरले हळूहळू वळणावर आणा हे वाक्य मी सासऱ्यायले वाचून दाखवणार आहो.

आर्णीचं_पोट्टं
सगळ्यांचे आभार. आता पुढचं. एफ किती ठेवायचा ते कसं काढू? फ्लॅशच्या मागं तक्ता आहे पण अक्षरं पुसली आहेत. खाली २८ एवढंच दिसते. अन् फ्लॅशच्या या वायरला पीसी कॉर्ड म्हणतात, ते पीसी म्हणजे पर्सनल कम्प्युटर का?

प्रकाशवर्ष
पीसी म्हणजे प्रॉन्टर आणि कॉम्पुर, जर्मन शटरांची नावं. कम्प्युटरचा संबंध नाही :)

२८ हा गाईड नंबर असणार, १०० आयएसओ आणि मीटरमध्ये. त्याला अंतराने भागलं की एफ मिळतो. साडेतीन मीटरवर आजी असतील तर २८ भागिले ३.५, म्हणजे एफ ८. तुझी फिल्म ४०० ची आहे, चौपट संवेदनशील, म्हणून नंबर दुप्पट धर, ५६. तेव्हा साडेतीन मीटरला एफ १६. अंतर मोजायला टेप नको. याशिकाच्या फोकसच्या चाकावर आकडे आहेत, फोकस केलास की तिथेच वाच आणि भाग.

शटरचा वेग या हिशोबात कुठेच नाही, हे लक्षात घे. फ्लॅशचा उजेड एफ ठरवतो, आजूबाजूचा उजेड शटर ठरवतं. म्हणून एफ तोच ठेवून शटर १/१२५ वरून १/३० वर आणलंस तर आजीचा चेहरा तेवढाच राहील पण मागचं आभाळ आणि निरांजन उमटेल. सांजवेळ यांचंही समाधान.

सांजवेळ
निम्मं समाधान. पण नोंद घेतली.

जुना_स्टुडिओ
आमच्याकडं भागाकार नव्हता. आम्ही हातानं मोजत होतो. कोपरापासून बोटापर्यंत एक हात. माझ्या जुन्या फ्लॅशचा पाढा अजून पाठ हाये, १०० च्या रोलले :

चार हात अकरा, साडेपाच हात आठ,
आठ हातावर पाच-सहा, अकरा हातावर चार.

पाच-सहा म्हणजे ५.६. नवरदेव-नवरी चार हातावर, दोघंही मायबाप सोबत असले का साडेपाच, अख्खी भावकी उभी रायली का अकरा हात मांगं. मागून कोणी काका घुसला का 'ओ काका, तुमी अकरा हातावर या' म्हणत होतो, त्यायले वाटे मान देऊन रायला.

प्रकाशवर्ष
काका, मी वहीवर मांडून पाहिलं. चार गुणिले अकरा चव्वेचाळीस. साडेपाच गुणिले आठ चव्वेचाळीस. अकरा गुणिले चार चव्वेचाळीस. आठ गुणिले ५.६ म्हणजे पावणेपंचेचाळीसच्या आसपास. हात साधारण ४५ सेंटीमीटर धरला तर मीटरमध्ये गाईड नंबर २० येतो. तुमच्या फ्लॅशवर २० लिहिलेलं होतं का?

जुना_स्टुडिओ
पेटीतून काढून पाहिला. २० च लिवलं हाये. चाळीस वर्षं मी गुणाकार करत होतो अन् मलेच म्हाईत नाई.

तर्रीपोहा
गाईड नंबर ४४ हात. हे जपानले कळवाले पाहिजे.

जुना_स्टुडिओ
अजून एक. हा हिशोब पांढऱ्या भिंतीच्या खोलीचा हाये. तिथं उजेड भिंतीले, छताले लागून वापस येते. आंगणात वापस येत नाई, सारा आभाळात जाते. तवा एक घर उघडायचं, सोळा आला त अकरा ठेवायचा. धुरानं काळं झालेल्या कवेलूच्या घरातबी तसंच. अन् छताकडं फ्लॅश वळवून मारायचं जे आजकाल दाखवतेत ते आपल्या घरात चालत नाई, वर कवेलू, मयाली, अन् एखांदी पाल.

अर्धाफ्रेम
रंगीत मांडवातही नाही चालत. मी एकदा हिरव्या कापडाच्या मांडवात वर फ्लॅश मारला, सगळी वऱ्हाडी मंडळी कावीळ झाल्यासारखी नाही, त्याच्या पुढची स्टेज, पोपटी.

बाय द वे, दुपारच्या लग्नात मांडवाबाहेर फोटो काढताना मला फ्लॅश वापरताच येत नाही, सगळं पांढरं फक्क होतं. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात म्हणून वापरावासा तर वाटतो.

प्रकाशवर्ष
कारण तुम्ही १/६० ला अडकलेले आहात. भर उन्हात ४०० ची फिल्म १/५०० ला एफ १६ मागते. १/६० ला यायचं म्हणजे तीन घरं खाली, एफ ४५ लागेल, तो तुमच्या भिंगात नाही. १०० ची फिल्म घाला, १/६० ला एफ २२ च्या आसपास येईल. याशिकावाला मात्र १/५०० आणि एफ १६ ठेवून खुशाल फ्लॅश मारू शकतो. उन्हाच्या बरोबरीनं फ्लॅश नको असेल तर फ्लॅशच्या तोंडावर पांढरी दस्ती एकपदरी बांधायची, साधारण एक घर उजेड कमी होतो.

झाडीचा_गडी
दस्ती स्वच्छ पाहिजे गा. माझी खर्रा पुसलेली होती.

मुठाकाठ
एक विचारू? एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाईलवर काढून जुन्या फोटोचा फिल्टर लावला तर?

तर्रीपोहा
भाऊ तुमी पोळ्याले बैल नाई, बैलाचा फोटो ओवाळत असान.

लाईनमन_रिटायर
गावात लोडशेडिंगच्या काळी फ्लॅशची वेगळीच मजा. अंधारात कोणी फोटो काढला की लेकरं गल्लीभर ओरडायची, आली आली! आणि परत अंधार. मग शिव्या मला.

झाडीचा_गडी
पोट्टं, बैलाच्या तोंडावर फ्लॅश मारू नको बरं. बैल बिचकते. अन् डोळे चमकतेत भुतावानी. बाजूनं मार.

आर्णीचं_पोट्टं
हो दादा, ध्यानात ठेवतो. पोळा झाला की येतो.

---

आर्णीचं_पोट्टं
आलो. पोळा झाला, रोल काल धुतला. नळाचं पाणी कोमट येत होतं म्हणून माठातलं घेतलं अन् गंजात बर्फ टाकून वीस डिग्रीवर आणलं.

बारातले नऊ आले. तीन कसे गेले ते आधी सांगतो.

पहिला : झाडीच्या दादांनी सांगूनही सर्जाच्या समोरून मारला. सर्जानं मान झटकली, शिंगाचा गोंडा आजीच्या ताटात, निरांजन विझलं. फोटोत नुसता एक पांढरा डोळा अन् शिंग.

दुसरा : कोरा. काळजाचा ठोका चुकला, वाटलं परत एम. नाही, वायरचं तोंड निसटलं होतं.

तिसरा : १/३० ला आजीचा हात हलला. चेहरा ठळक अन् बांगड्यांच्या जागी उजेडाची रेघ. हा खरं तर फुकट गेला म्हणू नये, घरच्यांना हाच जास्त आवडला.

बाकी नऊ ताई अन् काकांच्या हिशोबानं. साडेतीन मीटर, सोळा येत होता, आंगण म्हणून अकरा ठेवला. फ्लॅश डाव्या हातात, लहान भाऊ वायर धरून. दिवस बुडून दहा मिनिटं झाली होती. आजी दारात उभी, लुगड्याचा काठ मोजता येईल इतका स्पष्ट, मागं कोठ्याचं छप्पर अन् त्याच्यावर आभाळ अजून उजेडाचं. सर्जाच्या पाठीवरचे रंगाचे ठिपके दिसतात. आजीनं फोटो बराच वेळ पाहिला अन् म्हणाली, यायनंबी माहा असा काढला नाई कधी. आबांच्या कॅमेऱ्यात गावातल्या सगळ्या बायका आहेत, आजीच नाही, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. संदुक परत शोधली. खरंच नाही.

सांजवेळ
आभाळ राहिलं ना? मग मी माघार घेते.

जुना_स्टुडिओ
आमच्याबी घरी तेच हाये बाबू. स्टुडिओत बायकोचा एक फोटो, तोबी रेशन कार्डाचा. या दिवाळीत काढतो. अकरा हातावर नाई, चार हातावर.

वायरचं तोंड ढिलं झालं असन त पकडीनं हलकं दाब, लय नाई, अन् सायकलच्या ट्यूबचं रबर कापून वरून अडकव. निसटत नाई. अन् त्या खटक्यावर चिकटपट्टी लाव, पुसताना पुन्हा सरकन.

तर्रीपोहा
अन् वहिनी?

आर्णीचं_पोट्टं
वहिनीला खरं सांगितलं. म्हणाली लग्नात आण तुमचा कॅमेरा, पण मोबाईलवाल्याले मी वेगळं सांगून ठेवलं आहे.

काका, चिकटपट्टी लावली, पांढरी डॉक्टरपट्टी, अन् वर पेनानं मोठा एक्स काढला. आजीनं पाहिलं अन् म्हणे हे चुकलं हाये का? म्हटलं नाही, हेच बरोबर आहे. तर म्हणे, मास्तरच्या घरात फुली मारलेलं कधीपासून बरोबर होऊन रायलं?